मीठ मोजून घाला

जयसिंगपूरहून एका वाचक भगिनीचं चांगलं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा मतितार्थ असा. घरी आत्याबाई, म्हणजे सासूबाई आहेत. वय साठीच्या पुढं, रक्तदाबाची गोळी रोज चालू. कुणीतरी मोबाइलवर दाखवलं म्हणून त्यांनी काचेच्या बरणीत गुलाबी सैंधवाचे खडे पाण्यात भिजत घातले आहेत. रोज सकाळी उपाशीपोटी त्यातलं चमचाभर पाणी पेल्यात घालून त्या पितात. त्यानं अंगातले क्षार भरून निघतात, थकवा जातो, असं त्यांचं म्हणणं. परवा माहेरपणाला आलेल्या नणंदेच्या दीड वर्षाच्या लेकराला जुलाब लागले, तेव्हा त्या तेच पाणी त्याला पाजायला निघाल्या. ‘आशाताई पोरांना देते तेच हे’ म्हणाल्या. सुनेनं पेला हातातून घेतला आणि त्यावरून घरात बोलाबोली झाली. ‘ताई, कोण बरोबर ते आता तुम्हीच सांगा,’ असं पत्राच्या शेवटी आहे.

बाई, पेला अडवलात ते योग्यच केलंत. पण आत्याबाईंचं सगळंच चुकलं असंही नाही. जुलाबात मिठाचं पाणी द्यावं हे त्यांच्या कानावर पडलं आहे ते खरंच आहे. फरक दोन आहेत. एक मापाचा, आणि दुसरा, त्यांच्या पाण्यात साखर नाही याचा. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण एका पाण्यानं लेकरू वाचतं आणि दुसऱ्यानं दगावू शकतं. म्हणून आजचं सदर यावरच खर्च करते.

शिरोळ तालुक्यातल्या माणसाला जास्तीचं मीठ काय करतं ते खरं तर वेगळं सांगायला नको. नदीकाठची काळी जमीन, वर्षानुवर्षं मोकाट पाणी आणि निचरा नाही, असं झालं की एक दिवस सरीच्या वरंब्यावर पांढरा क्षार फुललेला दिसतो. अशा रानात ओल भरपूर असते, तरी ऊस पिवळा पडतो. मातीतलं पाणी फार खारट झालं की मुळांना ते ओढता येत नाही. पाणी पायाशी आणि पीक तहानलेलं! शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून हा क्षार काढायचं काम तालुक्यात झालं आहे, ते पुष्कळांनी पाहिलंही असेल.

माणसाच्या आतड्याचं असंच आहे. पाजलेलं पाणी फार खारट असलं तर आतडं ते शोषून घेत नाही. उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात, तहान वाढते, आणि जे मीठ रक्तात शिरतं ते मेंदूला त्रास देतं. लहान मुलांना त्यानं झटके येऊ शकतात.

मग मिठाचं पाणी द्यायचंच कशाला? कारण जुलाबातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. आणि पटकीसारख्या जोराच्या आजारात नुसतं साधं पाणी पाजलं तर ते अंगात फारसं टिकत नाही. इथं साखरेचं काम येतं. आतड्याच्या अस्तरात बारीक बारीक दारं असतात. त्यांतलं एक दार मीठ आणि साखर जोडीनं आली तरच उघडतं. जोडी आत गेली की तिच्या मागोमाग पाणी आत जातं. रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं ही गोष्ट १९६० साली मांडली. आणि देवाची करणी म्हणा, बाकीचं आतडं जुलाबानं बेजार झालेलं असतं तेव्हासुद्धा हे दार चालू राहतं. साखर घालायची ती चवीसाठी किंवा ताकद यावी म्हणून नव्हे. ती त्या दाराची किल्ली आहे. पण इथंही अति नको. साखर फार झाली तर तीही मिठासारखीच पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढवते.

हे ज्ञान खेड्यातल्या बाईच्या हातात कसं आलं, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावला छावण्या पडल्या आणि पटकीची साथ आली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या भराभर संपू लागल्या. रुग्णालयात पाय ठेवायला जागा नव्हती, रोगी जमिनीवर पडलेले. तिथं काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग धाडस केलं. बाजारातलं मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज घेऊन कलकत्त्यात मोजून पुड्या बांधायला लावल्या. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. पिंपात पाणी भरून त्यात त्या सोडल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. आई, बहीण, भाऊ, जो जवळ असेल त्यानं पाजायचं. अशा हालात पटकीनं शंभरातले वीस-तीस रोगी दगावायचे, ते प्रमाण तिथं शंभरात चारांच्याही खाली आलं. ढाक्याला तीन वर्षं आधी, १९६८ साली, डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी रुग्णालयात हे करून दाखवलं होतं. पण नर्स नाही, खाट नाही, अशा ठिकाणी घरच्या माणसांच्या हातून ते होऊ शकतं हे बनगावनं दाखवलं. महालनबीस २०२२ मध्ये वारले. सरकारला त्यांची आठवण त्यानंतर झाली. २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पुढं बांगलादेशात ‘ब्रॅक’ नावाच्या संस्थेनं १९८० ते १९९० अशी दहा वर्षं गावोगाव बायका पाठवल्या. त्या दारोदारी जाऊन चुलीपाशी बसत आणि घरातल्या बाईकडूनच पाणी करून घेत. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. होय, गूळच! एक कोटीहून अधिक घरांत हे शिकवलं गेलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की शिकवणाऱ्या बाईला पगार किती घरं फिरली यावर मिळत नसे. काही दिवसांनी दुसरं माणूस येऊन विचारी, आणि घरातल्या बाईच्या किती लक्षात राहिलं त्यावर पैसे ठरत. तिनं केलेल्या पाण्याचा नमुना नेऊन त्यात मीठ किती पडलंय तेही तपासत. आपल्याकडच्या शिबिरांना हा नियम लावला तर काय होईल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता कृती. आपल्याकडे या पाण्याला जलसंजीवनी म्हणतात. सगळ्यात चांगली ती सरकारी पुडी, ओआरएसची. ती आशाताईकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात फुकट मिळते. पण पुडी हाताशी नसेल आणि रात्रीचे दोन वाजले असतील, तर घरी करता आलं पाहिजे. एक लिटर स्वच्छ पाणी घ्या, उकळून गार केलेलं असलं तर उत्तम. त्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. झालं. मिसळल्यावर पुन्हा उकळायचं नाही, कारण पाणी आटलं की खारटपणा वाढतो.

चुका होतात त्या चमच्यात. चमचा म्हणजे चहाचा चमचा, पोह्याचा नव्हे. पोह्याच्या चमच्यात जवळजवळ दुप्पट मावतं, आणि घाईत हाताला तोच लागतो. चमचा सपाट भरायचा, वर शीग ठेवायची नाही. सुरीच्या पाठीनं किंवा बोटानं वरचं सारून टाका. मीठ बारीक घ्या. घरात खडे मीठ असेल तर आधी कुटून मग मोजा, नाहीतर खड्यांच्या मधे पोकळी राहून अंदाज चुकतो. आणि लिटर म्हणजे लिटरच. तांब्या हे माप नव्हे. प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणाऱ्या घरात लिटरचं माप असतंच, नाहीतर लिटरची पाण्याची बाटली धुऊन घ्या. शेवटी चव घेऊन बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते बाळाला द्यायचं नाही. ओतून टाका आणि नव्यानं करा. साखर वाढवून खारटपणा झाकायला जाऊ नका.

साखरेऐवजी आपला गूळ चालतो का, असं कोल्हापूरकडची बाई विचारणारच. चालतो. किसून, चमच्यात दाबून, तेवढेच सहा चमचे. विरघळल्यावर फडक्यातून गाळून घ्या, कारण गुळात कचरा असतो. गुळानं पाण्यात थोडं पोटॅशियमही जातं, तेही जुलाबात कमी होत असतं. लिंबाचे चार थेंब पिळले तर हरकत नाही. वेगळा सोडा घालायची गरज नाही. दुधात, चहात किंवा सरबतात हे पाणी मिसळायचं नाही. केलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. दोन मुठी साखर वाया गेली म्हणून हळहळू नका.

पाजायचं कसं? घटाघटा नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिलि, म्हणजे लहान चहाच्या कपानं अर्धा ते एक कप, तेही चमच्या-चमच्यानं. त्याहून मोठ्या मुलाला त्याच्या दुप्पट. थोरांनी तहान भागेपर्यंत प्यावं. मुलानं उलटी केली की आपल्याकडे लगेच ‘पोटात काही ठरत नाही’ म्हणून पाणी बंद करतात. तसं करू नका. दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश, दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा सुरू करा. उलटून पडलं तरी बरंचसं आत राहिलेलं असतं. यात आईचा अख्खा दिवस जातो. चुलीवरचं काम दुसऱ्या कुणीतरी उचललं पाहिजे, आणि घरातल्या पुरुषानंही लेकरू मांडीवर घेऊन चमचा धरला तर काही बिघडत नाही. बनगावला बापांनीही पाजलंच होतं.

अंगावरचं दूध चालूच ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घरचं मीठ-साखरेचं पाणी देत बसू नका. अंगावर पाजत पाजत दवाखान्यात न्या. तिथं सांगतील तशी पुडी द्या. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात, ताक, केळं द्यायचं. उपाशी ठेवल्यानं जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र खंगतं. पुडीबरोबर आशाताई झिंकच्या गोळ्या देते, त्या जुलाब थांबले तरी सलग १४ दिवस द्यायच्या. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात गोळी विरघळते. पुष्कळ घरांत ही गोळी तिसऱ्या दिवशी फळीवर जाते आणि तिथंच राहते. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याचा धोका तिनं कमी होतो, हे आत्याबाईंनाही सांगा.

आता टाळूचं. बाळाची टाळू खोल गेली की आपल्याकडे तेल भरतात, कुणी टाळूवर चोळतात, कुणी तोंडात बोट घालून वर दाबतात. टाळू खोल जाते ती अंगातलं पाणी आटल्यामुळं. तेलानं ती भरत नाही, पाण्यानं भरते. आणि तोंडात बोट घालणं तर मुळीच नको. खोल गेलेली टाळू ही घरात थांबायची वेळ संपल्याची खूण आहे. तशाच आणखी खुणा आहेत. डोळे खोल जाणं, रडताना अश्रू न येणं, जीभ कोरडी पडणं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसणं, सहा-सहा तास लघवी न होणं. मूल मलूल पडलं, हाकेला डोळे उघडेना, पाणी पिईना किंवा शीतून रक्त पडलं, तर एक मिनिटही दवडू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा. वाटेत पिऊ शकत असेल तर पाजत राहा.

सलाइनबद्दल दोन शब्द बोलते, कारण त्यावर घरोघर पैसा जातो. बाटली टांगल्याशिवाय औषध झालंसं वाटतच नाही आपल्याला. डॉक्टरनं नुसती पुडी दिली तर माणसं दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि तिथं बाटली लागली की समाधानानं घरी येतात. त्या बाटलीतही बहुतेक वेळा मिठाचं पाणीच असतं. मूल शुद्धीवर आहे, पितंय, तोवर तोंडानं दिलेलं पाणी तेवढंच काम करतं. वर सुई नाही, खर्च नाही. मूल पिईनासं झालं किंवा फारच सुकलं, की मात्र सलाइनला पर्याय नाही. तिथं मग घरगुती उपायांचा हट्ट धरू नये.

पुडीतही एक मोठी चूक होते. मोठी पुडी साडेवीस ग्रॅमची असते, ती एका लिटरसाठी. ती एका पेल्यात ओतली तर पाणी पाचपट तीव्र होतं, म्हणजे पुन्हा तेच क्षारपड रान. थोडं थोडं पाणी करायला अर्धी पुडी काढून ठेवणंही बरं नाही, कारण सगळे क्षार सारखे वाटले जात नाहीत आणि उघडी पुडी ओलावते. एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलिसाठी, छोटी पुडी वेगळी मिळते. पुडीवर किती पाण्यासाठी ते लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. माप किती नाजूक आहे बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या पुडीत लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम ग्लुकोज ठेवलं होतं. अभ्यासाअंती २००२ मध्ये मीठ २.६ आणि ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमवर आणलं. ग्रॅमभराच्या फरकासाठी एवढा खटाटोप झाला.

दुकानात खोक्यातून मिळणारी गोड, रंगीत पेयं ही जलसंजीवनी नव्हे. नावात ओआरएस घालून ती बरीच वर्षं विकली गेली आणि आया ती औषध समजून जुलाबाच्या मुलांना देत राहिल्या. त्यांत साखर फार असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानदारानं पुढं केलं म्हणून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं ज्यावर लिहिलंय तीच पुडी मागून घ्या.

आता आत्याबाईंची बरणी. तिच्यात खडे तळाशी उरेपर्यंत मीठ विरघळलेलं असतं. अशा पाण्याच्या चहाच्या एका चमच्यात दीड ग्रॅमहून जास्त मीठ असतं. माणसानं दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे भाकरी, आमटी, लोणचं, ठेचा यांच्या आधीच दिवसाचा तिसरा हिस्सा संपला. रक्तदाबाची गोळी घ्यायची आणि वरून हे प्यायचं, म्हणजे एका हातानं मोट ओढायची आणि दुसऱ्या हातानं विहिरीत पाणी ओतायचं. बाळासाठी काढलेल्या पेल्यातही जलसंजीवनीच्या तिप्पट खारटपणा होता. चमचा पोह्याचा असेल तर सहापट, आणि साखरेचा कण नाही.

सैंधवात खनिजं असतात ती खरी, पण ती नखभर. बाकी सगळं आपलं साधं मीठच. शिवाय सैंधवात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. घरात पोटुशी बाई आणि वाढती मुलं असताना रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं मीठच ठेवा. सैंधव उपासाला राहू द्या. क्षार हवेत तर ते आपल्या ताटात आहेत. डाळ, पालेभाजी, नाचणी, ताक, केळं, शेंगदाणे. बरणीतलं पाणी मात्र फेकू नका. आवळे किंवा कैरीच्या फोडी त्यात मुरवा, वर्षभर टिकतील. आत्याबाईंना थकवा येतोच आहे, तर रक्त तपासून घ्या आणि गोळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. मिठाच्या पाण्यानं थकवा जातो असं वाटणाऱ्या कितीतरी बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी असतं.

रानात राबणाऱ्यांचं जरा वेगळं आहे. चैत्र-वैशाखात खोडव्यात काम करताना, ऊसतोडीला मोळ्या वाहताना किंवा ऊस परिषदेला विक्रमसिंह मैदानावर उन्हात बसताना घाम जातो, आणि घामातून मीठही जातं. तरी दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या धडधाकट माणसाला ते भाकरी-आमटीतून परत मिळतं. त्याला लागतं ते पाणी, आणि तहान लागायची वाट न बघता. कडक उन्हात दर वीस मिनिटांनी पेलाभर. चार-पाच तास सलग घाम निथळला असेल किंवा पोटरीत गोळे येत असतील, तर मीठ घातलेलं पातळ ताक, ज्वारीची आंबील, मीठ-साखरेचं लिंबू सरबत यांतलं काहीही घ्या. शहाळं चांगलंच, पण त्यात मीठ कमी असतं. उसाचा रस गोड लागतो, पण साखरेमुळं तहान तशीच राहते आणि गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवून पाणी देण्याची आपली रीत शहाणपणाची आहे. आता घरोघर चहा पुढं येतो त्यापेक्षा तर नक्कीच.

कुणी उन्हात बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासात जाईल. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ बोलवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्यांनी मिठाचं कुठलंही पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. मधुमेहाच्या माणसाला जुलाब झाले तर पुडीचंच पाणी द्या आणि लवकर दाखवा.

शिरोळ तालुक्यात या सगळ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. २००५, २०१९ आणि २०२१, तीनही वर्षी कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावांत शिरलं. पाणी ओसरलं की गाळ राहतो, नळाला घाण येते आणि गॅस्ट्रोची साथ डोकं वर काढते. त्या दिवसांत पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवून मग गार करा. सरपण भिजलेलं असेल तर मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला आणि अर्धा तास थांबा.

म्हणून जूनच्या आधीच एक प्लॅस्टिकची पिशवी भरून ठेवा. पाच-सहा मोठ्या पुड्या, झिंकच्या गोळ्यांची पट्टी, मेडिक्लोरची बाटली, लिटरची रिकामी बाटली. मीठ आणि साखर वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत. पुड्यांवरची तारीख बघून जुन्या बदलून आणा. पिशवी ट्रंकेच्या तळाशी ठेवू नका. घर सोडायची वेळ आली तर कपड्यांच्या बोचक्याबरोबर ती हाताला लागली पाहिजे. आणि चहाचा एक चमचा त्या पिशवीतच दोऱ्यानं बांधून टाका. ऐन वेळी दुसऱ्याच्या घरून मागून आणलेला चमचा चहाचा की पोह्याचा, हे अंधारात कळत नाही.